आटलेला शर्ट परत येतो का?

नवा सुती कुर्ता पहिल्याच धुण्यात दोन बोटं आखूड होतो आणि आपण म्हणतो, ‘कापड आटलं.’ पण त्या कुर्त्यातला कापसाचा एखादा तंतू काढून मोजला, तर त्याची लांबी जवळपास पूर्वीइतकीच भरते! पाण्यात कापसाचा तंतू फुगून जाड होतो, लांबीला मात्र फारसा बदलत नाही. आटते ती वीण. आडवं सूत फुगलं, की त्याच्या खालून-वरून जाणाऱ्या उभ्या सुताला मोठा वळसा घ्यावा लागतो. सूत तेवढंच आणि वळसे मोठे, म्हणून कापड लांबीत कमी पडतं.

दुसरं कारण मागावरचं आहे. विणताना ताणा घट्ट ओढलेला असतो. पुढे धुलाई, रंगाई, इस्त्री या सगळ्या यंत्रांमधूनही कापड लांबीच्या दिशेनेच खेचलं जातं. हा ताण कापडात तसाच अडकून राहतो आणि घरच्या बादलीत पहिल्यांदा सुटतो. म्हणूनच सदरा उंचीला जास्त आखडतो आणि घेराला कमी. टी-शर्ट मागावर विणलेला नसतो, फासे गुंफून तयार केलेला असतो. ओढून लांबट झालेले त्याचे फासे पाण्यात पुन्हा गोल होतात, त्यामुळे तो आखूड आणि रुंद होऊन बसतो.

यातच आशाही आहे. जे नुसतं सैल होऊन आखडलं, ते बरंचसं परत ताणता येतं.

ओला कापूस अधिक बळकट

कापसाचा तंतू कोरड्यापेक्षा ओला असताना जास्त मजबूत असतो. त्यामुळे आटलेला सुती शर्ट कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपून, शिवणींच्या दोन टोकांना धरून हळूहळू ओढायला हरकत नाही. खरी किमया पुढे आहे. कापसातल्या रेणूंना एकमेकांशी जोडणारे हायड्रोजन बंध पाण्यात सुटतात आणि कापड वाळताना नव्याने जुळतात. वाळताना कापड ज्या मापात असेल, ते माप कापड धरून ठेवतं. म्हणून ताणलेला शर्ट दोरीवर लोंबकळत न ठेवता सपाट अंथरून, कडांना वजन ठेवून वाळवावा, किंवा ओलसर असतानाच ओढत-ओढत इस्त्री करून पुरता सुकवावा. पुढच्या धुण्यात तो पुन्हा थोडा आखडेल, तेव्हा हे परत करावं लागतं.

रेयॉनच्या, म्हणजे व्हिस्कोसच्या कुर्तीला मात्र हा जोर लावू नका. व्हिस्कोसही कापसासारखं सेल्युलोजचंच, लाकडाच्या लगद्यापासून बनवलेलं, पण भिजलं की त्याची जवळपास निम्मी ताकद जाते. ते आटतंही भरपूर. त्याला अगदी हलक्या हाताने, वाफेच्या इस्त्रीखाली, बोटाबोटाने सोडवावं. पॉलिएस्टर पाण्याने आटत नाही, जास्त उष्णतेने आकसतं, आणि एकदा आकसलं की घरगुती उपायांनी परत येत नाही.

मेंढी पावसात का आटत नाही?

लहान मुलांनी विचारावा असा हा प्रश्न, आणि लोकरीचं सगळं गुपित त्याच्या उत्तरात आहे. लोकरीच्या केसावर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले असतात आणि त्या सगळ्यांचा रोख टोकाकडे असतो. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट सरकायला गेला की अडतो. मेंढीच्या अंगावर सगळ्या केसांची मुळं कातडीत रोवलेली आणि टोकं बाहेर, त्यात लॅनोलिनचा तेलकट थर, आणि घुसळणारं कुणी नाही. मग आटणार कशी?

स्वेटरमध्ये हेच केस कसेही उलटसुलट पडलेले असतात. वॉशिंग मशीनने घुसळलं की प्रत्येक केस आपल्या मुळाकडे सरकतो, खवले एकमेकांत अडकतात, आणि परतीची वाट बंद होते. गरम पाणी आणि साबणाचा खार या कामाला हातभार लावतात, पण मुख्य गुन्हेगार घुसळणं. गरम पाण्यात शांत पडून राहिलेला स्वेटर त्या मानाने पुष्कळ सुरक्षित असतो.

आता आटलेला स्वेटर खिडकीपाशी उजेडात धरून बघा. सुईचे टाके स्वच्छ दिसत असतील तर तो बऱ्यापैकी परत येईल. टाके दिसेनासे होऊन कापड जाड पुठ्ठ्यासारखं झालं असेल, तर त्याचा नमदा झाला, म्हणजे केस एकमेकांत कायमचे गुंतले. तो कोणत्याही बाटलीतल्या द्रवाने उलगडत नाही, आणि तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

टाके दिसत असतील तर उपाय न्हाणीघरातच आहे: केसांचं कंडिशनर. लोकर आणि आपले केस दोन्ही केराटिन या प्रथिनाचेच. कंडिशनरमधले धनभारित रेणू केसाच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात आणि खवले गुळगुळीत करतात. बादलीभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे कंडिशनर कालवून स्वेटर अर्धा तास बुडवून ठेवा. पिळू नका, दाबून पाणी काढा. मग तो कोरड्या टॉवेलावर पसरून, आपल्या मापाचा दुसरा स्वेटर शेजारी ठेवून, बाह्या, छाती आणि उंची थोडी-थोडी ओढत न्या. कडांना न गंजणाऱ्या टाचण्या लावून वाळू द्या. एका खेपेत माप मिळालं नाही तर पुन्हा करा. घाईने एकदाच ओढलं की खांदे वाकडे होतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलँड बेटांवर धुतलेले स्वेटर लाकडी चौकटीवर चढवून वाळवण्याची जुनी रीत आहे. ती चौकट म्हणजे याच उपायाचं पक्कं रूप.

लोकर एवढी ताणली जाते कशी, हे विल्यम ॲस्टबरी या शास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात क्ष-किरणांनी शोधलं. ओल्या केसाला ताण दिला की त्यातल्या प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडून सरळ होतात आणि ताण सोडला की पुन्हा वळतात, हे त्याने १९३०च्या दशकात दाखवलं. त्याच प्रयोगशाळेत फ्लॉरेन्स बेल हिने १९३८ मध्ये त्याच्याबरोबर डीएनएची सुरुवातीची क्ष-किरण चित्रं घेतली. लोकरीच्या धाग्यापासून निघालेली वाट थेट जनुकांपर्यंत गेली!

मुद्दाम आटवणारे

लोकर आटवणं हा शतकानुशतकं रीतसर धंदा होता. काश्मिरी नमदा न विणता, पिंजलेली लोकर अंथरून, भिजवून, गुंडाळून, दाबून करतात. आपल्याकडचं जुनं बुरणूसही याच जातीचं. रोमन लोक विणलेली लोकर हौदात घालून पायांनी तुडवत, आणि त्या हौदात शिळं मूत्र असे, कारण त्यात अमोनिया तयार होतो. पॉम्पेईच्या उत्खननात असे धुलाईखाने सापडले आहेत. पुढे युरोपात हे काम पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांकडे गेलं. त्यांचा रात्रीचा आवाज किती भयंकर असावा? सर्व्हांटिसच्या ‘डॉन किहोटे’ या स्पॅनिश कादंबरीच्या १६०५ सालच्या पहिल्या भागात नायक रात्रभर एका अज्ञात संकटाच्या धडधडाटाकडे कान लावून बसतो आणि सकाळी दिसतात ते कापड कुटणारे सहा हातोडे!

कुटून आटलेलं कापड पुन्हा मापात आणायचं तर ते ओलं असतानाच लांबलचक लाकडी चौकटींवर, आकड्यांना अडकवून, उघड्या माळावर ताणत. इंग्लंडच्या लोकरी गावांबाहेर अशा चौकटींची शेतंच्या शेतं असत. काही व्यापारी कापड गरजेपेक्षा जास्त ताणून वारभर जादा विकत, म्हणून या ताणण्यावर कायदेही झाले. आज इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमधलं ‘स्टेंटर’ यंत्र हेच काम करतं. दोन्ही किनारी पकडून कापड गरम हवेतून न्यायचं आणि रुंदी पक्की करायची.

आटणं रोखणारे

लँकेशायरच्या जॉन मर्सरने १८४४ मध्ये सुती कापडातून कॉस्टिक सोडा गाळला. कापड फुगलं, मजबूत झालं, रंग अधिक पिऊ लागलं, पण पाचव्या-चौथ्या हिश्शाने आटलं. १८५० मध्ये त्याने पेटंट घेतलं, तरी एवढं कापड गमवायला गिरणीवाले तयार झाले नाहीत. सुमारे चाळीस वर्षांनी होरेस लो याने तेच कापड ताणून धरून सोड्यात घातलं, आणि आटणं तर थांबलंच, वर रेशमासारखी चमक आली. दोऱ्याच्या रिळावर ‘मर्सराइज्ड’ लिहिलेलं असतं ते याच कामाचं नाव आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरातल्या क्लूएट-पीबडी या ॲरो शर्टवाल्या कंपनीची अडचण वेगळी होती. सुट्या कडक कॉलरींची फॅशन गेली, मऊ कॉलरीचे शर्ट आले, आणि धुतल्यावर कॉलर गळा आवळू लागली. सॅनफर्ड क्लूएटने १९३०च्या सुमारास त्यावर फार देखणी युक्ती काढली. ओलसर कापड एका जाड, ताणलेल्या पट्ट्यावर ठेवायचं. पट्टा रुळावरून वळून पुन्हा आखडला, की कापडही त्याच्याबरोबर आखडतं. जे आटायचं ते गिरणीतच आटून जातं. ‘सॅन्फोराइज्ड’ शिक्का असलेलं कापड पुढे १ टक्क्याहून जास्त आटणार नाही, ही हमी होती. लिव्हाइसने मात्र ‘५०१’ची एक जीन्स मुद्दाम न आटवलेलीच ठेवली. ती धुतल्यावर सुमारे १० टक्के आटते, म्हणून गिऱ्हाईक मोठं माप घेई आणि ती अंगात घालूनच टबात बसे!

आपल्या घरची शिस्त

हातमागाच्या खादीवर गिरणीतल्या या प्रक्रियांपैकी सहसा काहीच केलेलं नसतं. पुण्याहून न्यू जर्सीला नेलेला खादीचा कुर्ता तिथल्या ड्रायरमध्ये पहिल्याच फेरीत आखडतो तो यामुळेच. त्याला सावलीत, हवेवर वाळू द्यावं.

आपल्याकडच्या शिवणाऱ्या बायकांना हे सगळं यंत्राशिवाय ठाऊक आहे. ब्लाउजचं अस्तर आधी भिजवून, वाळवून, मगच बेततात. साडीचा फॉल न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात तो आखडतो आणि चांगल्या साडीचा काठ खालून चुणतो. मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवताना शिवणीत माया आणि खाली जास्तीची दुमड सोडतात. मूल वाढो वा कापड आटो, ती दुमड उसवली की उंची मिळते. रेडीमेड कपडे घेताना दुमड आतून उलगडून बघण्याची सवय परत लागायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आणि ज्या स्वेटरचा नमदाच झाला, तो टाकून देऊ नका. खवले अडकलेले असल्यामुळे कात्रीने कुठेही कापला तरी त्याचा धागा निसटत नाही. बाह्यांचे पायमोजे, पाठीचं गरम भांड्याखालचं आसन आणि छातीच्या तुकड्याची चष्म्याची पिशवी, हे सगळं कडा न दुमडता होतं.