जीपच्या पोटातला ट्रॅक्टर

जुन्या डिझेल जीपचं इंजिन चालू असताना तिची बॅटरी काढून बाजूला ठेवली, तर काय होईल? गाडी बंद पडेल, असं आपल्याला वाटतं. ती पडत नाही. ज्या गाडीत डॅशबोर्डखालची स्टॉप वायर ओढून इंजिन बंद करायची जुनी सोय आहे, ती बिनबॅटरीची धडधडत राहते. (करून बघू नका, अल्टरनेटरचा जीव जाऊ शकतो.) बॅटरीचं काम फक्त स्टार्टर फिरवण्यापुरतं. एकदा इंजिन पेटलं, की विजेचा आणि त्याचा संबंध संपला.

मग आत दर वेळी आग लावतं कोण? या इंजिनात स्पार्क प्लग नाहीच. आग लावते हवा! पिस्टन वर येताना सिलेंडरभर हवा दाबून तिचा जवळजवळ विसावा हिस्सा करतो, आणि नुसत्या दाबामुळे ती पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापते. डिझेलला पेटायला त्याच्या निम्मंही तापमान पुरतं. फवारा आत आला रे आला की भडका. १८९३ साली रुडॉल्फ डिझेलला या कल्पनेचं पेटंट मिळालं, तेव्हा हे चालेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता.

पण खरा चमत्कार त्या फवाऱ्यात आहे. अडीच लिटरचं, साधारण साठ हॉर्सपॉवरचं इंजिन मिनिटाला ३,२०० फेऱ्यांनी पूर्ण जोर लावतंय असं धरू. चार सिलेंडर मिळून सेकंदाला शंभराहून जास्त फवारे उडतात. एका फवाऱ्यात डिझेल किती? हिशेब केला तर तीस-पस्तीस घन मिलिमीटर येतं. म्हणजे पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी. ते मोजायचं, केसाएवढ्या भोकांतून प्रचंड दाबाने उडवायचं, आणि हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास उरकायचं. कसलाही कॉम्प्युटर नाही. हे करतो लोखंडाचा एक पंप, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक सरसकट ‘मायको पंप’ म्हणतात.

ट्रॅक्टरवर दिसतो तसा, चार प्लंजर (दट्टे) एका ओळीत असलेला पंप उघडला तर कोडं पडतं. प्रत्येक प्लंजर दर वेळी तेवढाच वर जातो, तेवढाच खाली येतो. त्यात बदल नाही. मग ॲक्सिलरेटर दाबल्यावर डिझेल वाढतं कसं? प्लंजरच्या अंगावर तिरकी खाच कापलेली असते. ॲक्सिलरेटर दाबला की प्लंजर स्वतःभोवती किंचित वळतो. खाच सरकते, आणि डिझेल परत निसटून जायची वाट थोडी उशिरा उघडते. तेवढ्याच उशिरात फवारा मोठा होतो. प्लंजर आणि त्याची नळी यांच्यातली फट असते दोन-चार मायक्रॉन. वॉशर किंवा सीलशिवाय, निव्वळ घासकामाच्या अचूकपणावर हा दाब धरला जातो!

आता जीपकडे येऊ. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या गाड्यांत एकेकाळी प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन असे. सिलेंडरचा व्यास ९० मिलिमीटर, पिस्टनची धाव ८३. म्हणजे रुंद आणि बुटकं, पळवलं तर खूश राहणारं. चिखलात रुतलेली गाडी हळूहळू ओढून काढायला मात्र उंच धावेचं, सावकाश फिरणारं इंजिन बरं. म्हणून हौशी लोक प्यूजो उतरवून त्याजागी महिंद्राचंच ‘डीआय’ (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवतात. ते २,५२३ सीसीचं, ८८.९ बाय १०१.६.

हे आकडे असे वेडेवाकडे का? मिलिमीटर सोडा आणि इंचांत मोजा. बरोबर साडेतीन आणि बरोबर चार! मेट्रिक कपडे घातलेलं हे इंग्रजी मापाचं इंजिन आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ब्रिटनमध्ये बनलेल्या ट्रॅक्टरांतही याच मापाचे सिलेंडर होते, आणि याच कंपनीच्या भागीदारीत महिंद्राने १९६३ मध्ये ट्रॅक्टरचा धंदा सुरू केला. २०१० साली आलेल्या ‘थार’च्या डीआय मॉडेलमध्येही तेच साडेतीन बाय चार. लोक ज्याला जीपचं इंजिन म्हणतात, त्याचा पिंड नांगर ओढणाऱ्याचा आहे.

सातारा-सांगलीत इंजिन बदलायची ही खटपट घराच्या अंगणात का जमते, ते यावरून कळतं. ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरची कामं करणारा फिटर शोधत फिरावं लागत नाही. वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून धावणाऱ्या, कमांडर जीपनी इथल्या मेकॅनिकांच्या दोन पिढ्या तयार केल्या. खच्चून माणसं भरून डोंगर चढणाऱ्या त्या गाड्यांनी इंजिनाची जेवढी परीक्षा घेतली, तेवढी कुठल्या प्रयोगशाळेने घेतली नसेल. त्याच्याही मागे जायचं तर १९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. सातारा रोड या गावी धनजीशा कूपर यांचा कारखाना, जिथे स्वातंत्र्याच्या आधीच डिझेल इंजिनं बनू लागली. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. इंजिनवाला माणूस सरकार चालवतो, ही मला फार आवडलेली गोष्ट.) आणि यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, देवराष्ट्रे इथे, एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली.

इंजिन बदलण्यात अवघड काय असतं? ताकद नव्हे, मध्य जुळवणं. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एकाच रेषेत यायला हवेत. मधली अडॅप्टर प्लेट लेथवर करून घेताना केसभर चूक झाली, तरी पुढे क्लच आणि बेअरिंग तिची किंमत मोजतात. शिवाय आरटीओत परवानगी घेऊन आरसी बुकावर नव्या इंजिनाची नोंद करावी लागते. नोंद नसलेली गाडी अपघातानंतर विम्याच्या दारात उभी राहते, तेव्हा कौतुक करायला कुणी नसतं.

यानंतर प्रत्येकाला मोह होतो तो पंपाचा स्क्रू पिळायचा. फवारा थोडा मोठा केला की पिकअप वाढतो, अगदी फुकट. फुकट? एक लिटर डिझेल पुरतं जाळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. उन्हाळ्यात माण-खटावच्या वाडीवर येतो तो पाण्याचा टँकर आठवा. तेवढी भरून हवा, एका लिटरमागे! डिझेल वाढवणं सोपं आहे. हवा मात्र सिलेंडरात मावेल तेवढीच येते. जास्तीचं डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर होऊन बाहेर पडतं. त्याच वेळी आतलं तापमानही चढत जातं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला पोचेपर्यंत हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठव्या हिश्शाने विरळ झालेली असते. वाईत साफ चालणारी जीप वर धूर ओकते, ती बिघडलेली नसते. तिला तेवढा श्वास मिळत नसतो.

मग हवा कोंबायची. टर्बो हे काम ज्या गोष्टीवर करतो, ती आपण फेकून देत असतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या झोतात एक चक्र ठेवायचं, त्याच्याच दांड्यावर दुसरं चक्र, आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलणार. हा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्या मारू शकतो. इतक्या वेगात लोखंडावर लोखंड टिकणार कसं? ते टेकतच नाही. दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणूनच घाट चढून आल्यावर जाणता ड्रायव्हर इंजिन लगेच बंद करत नाही. बंद केलं की ऑइलचा पुरवठा थांबतो, आणि तापलेल्या टर्बोत उरलेलं ऑइल करपून कोळसा होतं.

भंगारातून आणलेला टर्बो बसवणाऱ्याने आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. टर्बोचं सील गेलं तर ऑइल हवेबरोबर सिलेंडरात शिरतं, आणि डिझेल इंजिनाला तेही इंधन म्हणून चालतं. आता पंपावर ताबा असून उपयोग नाही. स्टॉप वायर ओढली, डिझेल पुरतं तोडलं, तरी इंजिन स्वतःचंच ऑइल पीत वेग वाढवत जातं, थेट मोडेपर्यंत. अशा वेळी एकच इलाज उरतो, हवा तोडायची. जाणते मेकॅनिक टर्बो बसवून पहिल्यांदा इंजिन सुरू करताना हवेच्या तोंडापाशी एक सपाट फळी घेऊन उभे राहतात. हात नाही आणि फडकंही नाही; फडकं ते एका घोटात आत ओढून घेतं.