पाणीसुद्धा अडतं तेव्हा

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप घास आला की सैल पडते, मग मिटते. अ‍ॅकलेशिया या आजारात नलिकेच्या भिंतीतल्या मज्जापेशी नष्ट होतात. झडप नीट उघडत नाही, घास पुढे ढकलणाऱ्या लाटाही थांबतात. भाकरीच काय, पाणीसुद्धा छातीत अडतं. ही खूण महत्त्वाची, कारण गाठीमुळे नलिका अरुंद झाली तर सहसा आधी घट्ट अन्न अडतं. रात्री आडवं झाल्यावर खाल्लेलं तोंडात येतं, खोकला लागतो, वजन घटतं. अनेकांची वर्षं पित्ताच्या गोळ्यांत जातात, याचं वाईट वाटतं. एंडोस्कोपी सुरुवातीला नॉर्मल येऊ शकते. खात्री होते नलिकेतला दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्रीने. फुग्याने झडप ताणून किंवा तिचे स्नायू कापून गिळणं बरंच सुधारतं. पाणीही अडत असेल, तर पोटविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा.