होस्टा : जुन्या उद्यान प्रकारांची लागवड व ओळख

होस्टा : (जपानी नाव गिबोशी, कुल-ॲस्पॅरॅगेसी). सावलीच्या जागी मुख्यतः पानांच्या शोभेसाठी लावण्यात येणाऱ्या बहुवर्षायू ओषधींची ही एक प्रजाती असून तिचे मूलस्थान जपान, कोरिया, चीन व रशियाचा अतिपूर्व प्रदेश हे आहे. पूर्वी तिचा समावेश लिलिएसी कुलात करीत. आता तो ॲस्पॅरॅगेसी कुलात केला जातो. खोड म्हणजे जमिनीतील आखूड मूलक्षोड. त्यापासून दर वसंतात गुंडाळलेले टोकदार कोंब वर येतात. पाने मूलज, लांब देठाची, भाल्यासारखी ते हृदयाकृती असून त्यांच्या मुख्य शिरा तळापासून टोकाकडे कमानीसारख्या वळत जातात. फुले पांढरी, फिकट जांभळी किंवा गर्द जांभळी, नसराळ्यासारखी वा घंटेसारखी असून ती उंच पुष्पदंडावर मंजरीत उन्हाळ्यात व शरद ऋतूच्या आरंभी येतात. परिदले व केसरदले प्रत्येकी सहा. फळ (बोंड) लांबट. बिया काळ्या, चपट्या व पंखयुक्त. गिबोशी हे नाव कळ्यांच्या झुबक्यावरून पडले असून जपानी पुलांच्या कठड्यावरील कांद्याच्या आकाराच्या कळसाला तेच नाव आहे. काही जातींचे कोवळे देठ जपानमध्ये ‘उरुइ’ या नावाने भाजी म्हणून खातात.

इतिहास : एंगेलबर्ट केंफर हा जर्मन वैद्य १६९०–९२ मध्ये जपानमध्ये होता. त्याच्या १७१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या वनस्पतींचे पाश्चात्त्यांनी केलेले पहिले वर्णन आढळते. जिवंत स्वरूपात यूरोपात प्रथम पोहोचलेली जाती हो. प्लँटॅजिनीया ही होय. तिचे बी अठराव्या शतकाच्या अखेरीस मकाऊहून पॅरिसला गेले. १७९० मध्ये हो. व्हेंट्रिकोझा इंग्लंडमध्ये आली. यानंतरचा मोठा ओघ फिलिप फ्रांट्स फोन सीबोल्ट याच्यामुळे सुरू झाला. त्याने जपानमधून आणलेली रोपे १८३० च्या सुमारास नेदर्लंड्समध्ये पोहोचली व पुढे लायडन येथील त्याच्या रोपवाटिकेतून यूरोपभर पसरली.

लेओपोल्ट ट्राटिनिक याने १८१२ मध्ये निकोलाउस टोमास होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिवैज्ञानिकाच्या नावावरून प्रजातीस ‘होस्टा’ हे नाव दिले. १८१७ मध्ये श्प्रेंगेल याने सुचविलेले ‘फंकिया’ हे नाव मात्र एकोणिसाव्या शतकात अधिक रूढ झाले. जर्मन भाषेत ते अद्याप प्रचारात आहे. १९०५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर ‘होस्टा’ हे नाव ग्राह्य ठरले.

नावांतील हा घोळ प्रजातीपुरता मर्यादित नाही. यूरोपात आलेली बरीचशी रोपे जंगलातील नसून जपानी बागांत पिढ्यानपिढ्या जोपासलेली होती. यूरोपीय वनस्पतिवैज्ञानिकांनी त्यांनाच नैसर्गिक जाती मानून लॅटिन नावे दिली. फॉर्च्यूनी, अनड्युलाटा, लॅन्सिफोलिया, डेकोराटा, क्रिस्प्युला ही नावे अशीच रूढ झाली. स्वीडनमधील बागांतील होस्टांचा नील्स हूलांडर यांनी केलेला अभ्यास (१९५४) या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डब्ल्यू. जॉर्ज श्मिड यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात या नावांना जातींऐवजी उद्यान प्रकारांचा दर्जा दिला. प्रकारांची आंतरराष्ट्रीय नोंदणी अमेरिकन होस्टा सोसायटीच्या स्थापनेनंतर (१९६८) सुरू झाली. म्हणून तत्पूर्वीच्या प्रकारांची ओळख मुख्यतः जुनी वर्णने व प्रत्यक्ष झाडे यांवर अवलंबून राहते.

जुन्या प्रकारांचे महत्त्व : ‘अनड्युलाटा’ व ‘लॅन्सिफोलिया’ यांसारख्या प्रकारांना सहसा बी धरत नाही; ज्यांना धरते त्यांची रोपे बहुधा मातृवृक्षासारखी निपजत नाहीत. याला ठळक अपवाद हो. व्हेंट्रिकोझाचा आहे, चतुर्गुणित रंगसूत्रे असलेल्या या जातीत बी फलनावाचून तयार होत असल्याने रोपे मूळ झाडासारखीच होतात. इतर प्रकार केवळ गड्ड्यांच्या विभाजनाने टिकले आहेत. होस्टाचा गड्डा कित्येक दशके जगतो आणि लावणाऱ्याच्या पश्चातही वाढत राहतो. नावाची पाटी मात्र लवकर नाहीशी होते. चुकीचे नाव लागलेला गड्डा विभागून वाटला म्हणजे प्रत्येक वाट्याबरोबर ती चूकही वाढते आणि खरा प्रकार कोणता हे कळेनासे होते. निनावी गड्डा सामान्य समजून उपटून टाकला गेला, तर बियांपासून तो परत मिळण्याचा मार्ग नसतो.

लागवड : होस्टाला हिवाळी सुप्तावस्था आवश्यक असते. सुमारे सहा आठवडे ५° से. पेक्षा कमी तापमान न मिळाल्यास कोंब दुबळे होत जातात. त्यामुळे महाराष्ट्राच्या हवामानात ही झाडे टिकाव धरीत नाहीत. भारतात थंड हिवाळा असलेल्या हिमालयीन प्रदेशातच त्यांना अनुकूल परिस्थिती मिळते.

जमीन भुसभुशीत, कुजलेल्या पालापाचोळ्याने समृद्ध, किंचित अम्लीय व पाण्याचा निचरा होणारी असावी. सुमारे ३० सेंमी. खोल खणून त्यात कुजलेले खत मिसळतात. वाढीच्या काळात ओलावा कायम ठेवावा लागतो. निळसर पानांच्या प्रकारांना दाट सावली मानवते, पिवळ्या पानांच्या प्रकारांना सकाळचे कोवळे ऊन लागते, तर हो. प्लँटॅजिनीया व तिचे संकर अधिक ऊन सोसतात. विभाजन कोंब वर येताना किंवा उन्हाळ्याच्या अखेरीस करतात. हो. सीबोल्डियानासारखे मोठे प्रकार पूर्ण वाढीस पाचाहून अधिक वर्षे घेत असल्याने ते वारंवार हलविणे इष्ट नसते.

शबल पानांच्या प्रकारांत एखादा कोंब पूर्ण हिरवा निघतो. हरितद्रव्य जास्त असल्याने तो जोमाने वाढतो व थोड्याच वर्षांत मूळ प्रकारास झाकून टाकतो. म्हणून तो दिसताच मुळासह कापून काढतात. ‘अनड्युलाटा’ मध्ये हा क्रम स्पष्ट दिसतो : पानाच्या मध्यभागचा रुंद पांढरा पट्टा अरुंद झाला की ‘युनिव्हिटाटा’ आणि पूर्णपणे नाहीसा झाला की ‘एरोमेना’ हा हिरवा प्रकार मिळतो.

ओळख : लक्षणे पूर्ण वाढलेल्या झाडावरच पाहावी लागतात, कारण कोवळ्या रोपांची पाने अरुंद असून त्यांवरील शिरांची संख्याही कमी असते. निळसर छटा ही पानावरील मेणासारख्या लेपामुळे येते. ती उष्णतेने व हाताळण्याने निघून जाते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तेच पान हिरवे दिसते. त्यामुळे एका भेटीत केलेली ओळख विश्वसनीय नसते. वसंतात, फुलोऱ्याच्या वेळी व शरद ऋतूत अशा किमान तीन नोंदी घेतात. त्यांत पात्याचा आकार व टोक, शिरांच्या जोड्या, देठावरील ठिपके, छदांचे स्वरूप, फुलाचा रंग व आकार, न उमललेल्या फुलातील परागकोशांचा रंग, बहराचा काळ आणि बी धरते की नाही, या बाबी येतात. काही प्रमुख प्रकारांची लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत.

हो. प्लँटॅजिनीया : पाने फिकट हिरवी व चकचकीत; फुले पांढरी, मोठी, लांब नळीची, सुगंधी असून दिवस कलल्यावर उमलतात. हो. व्हेंट्रिकोझा : पाने गर्द हिरवी, हृदयाकृती; जांभळे फूल अरुंद नळीपासून एकदम फुगून घंटेसारखे होते. ‘लॅन्सिफोलिया’ : पाने अरुंद, चकचकीत, पाच-सहा शिराजोड्यांची, देठाच्या तळाशी जांभळट ठिपके, बहर उशिरा.

‘फॉर्च्यूनी’ गटात ऋतुमानाप्रमाणे होणारा रंगबदल निर्णायक असतो. ‘अल्बोपिक्टा’ चे पान वसंतात पिवळे व हिरव्या कडेचे असते, पण उन्हाळ्यात जवळजवळ सर्व हिरवे होते. ‘ऑरिया’ पूर्ण पिवळे निघून हिरवे होते. ‘ऑरिओमार्जिनाटा’ ची पिवळी कड मात्र हंगामभर टिकते. ‘हायसिंथिना’ च्या करड्या-हिरव्या पानास केसाइतकी बारीक फिकट कड असते.

पांढऱ्या कडेच्या प्रकारांत सर्वाधिक गोंधळ आढळतो. ‘टॉमस हॉग’ हे एकच नाव अमेरिकेत ‘डेकोराटा’ ला, तर इंग्लंडमध्ये ‘अनड्युलाटा अल्बोमार्जिनाटा’ ला दिले जात असे. ‘डेकोराटा’ च्या पानाचे टोक बोथट असून फुले गर्द जांभळी असतात; दुसऱ्याचे टोक निमुळते, फुले फिकट व बी जवळजवळ नसते. ‘क्रिस्प्युला’ ची कड नागमोडी व टोक लांब आणि पिळवटलेले असून तिला बी भरपूर धरते.

‘एलेगन्स’ हा गेओर्ग आरेंट्स यांनी १९०५ मध्ये जर्मनीत निपजविलेला, मोठ्या, सुरकुतलेल्या व निळसर पानांचा प्रकार होय. त्याच्या बियांपासूनची रोपे याच नावाने विकली गेल्यामुळे हे नाव असलेले प्रत्येक झाड अस्सल असतेच असे नाही. पिवळ्या कडेचा ‘फ्रान्सिस विल्यम्स’ हा त्याचाच उत्परिवर्तित प्रकार १९३६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका रोपवाटिकेत आढळला. असे प्रकार मूळ झाडापासून आनुवंशिक दृष्ट्या फारच थोडे वेगळे असल्याने डीएनए चाचणीनेही ते वेगळे ओळखणे कठीण जाते. म्हणून प्रत्यक्ष निरीक्षणाचे महत्त्व कायम आहे.

रोग व किडी : होस्टा व्हायरस एक्स हा व्हायरस १९९६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे ओळखला गेला. शिरांलगत शाई पसरल्यासारखे डाग व पानांवर ठिगळे ही त्याची लक्षणे होत. ती दिसण्यास काही वर्षे लागू शकतात. रोगट झाडाच्या रसाने माखलेली सुरी व हात यांवाटे तो पसरतो आणि त्यावर उपाय नाही. डागांनाच शोभा समजून अशी रोगट झाडे नवीन प्रकार म्हणून विकली गेल्याचीही उदाहरणे आहेत. रोगट गड्डा मुळांसह खणून नष्ट करतात. विभाजनाच्या वेळी प्रत्येक झाडानंतर हत्यारे निर्जंतुक करणे व नवीन झाडे काही काळ वेगळी ठेवणे आवश्यक असते. सूत्रकृमींमुळे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात शिरांमधील भागात तपकिरी पट्टे पडतात. गोगलगायी व त्यांसारखे बिनशंखी स्लग पानांना भोके पाडतात. पातळ पानांचे प्रकार त्यांना विशेष बळी पडतात.

जुना प्रकार टिकविण्यासाठी त्याची खात्रीची नोंद, न झिजणारी पाटी, बागेचा नकाशा आणि निरोगी गड्ड्याचे दोन-तीन ठिकाणी ठेवलेले वाटे या गोष्टी आवश्यक समजल्या जातात. ओळख निश्चित होईपर्यंत झाडास जुने नाव न देता केवळ ते जेथून मिळाले ते स्थळ व वर्ष नोंदविणे श्रेयस्कर ठरते.