पाथरवटाचे घर

स्कॉटलंडच्या उत्तरेला, इन्व्हर्नेस शहराच्या पलीकडे ब्लॅक आयल नावाचे द्वीपकल्प आहे. त्याच्या टोकाला, समुद्राकाठी क्रोमार्टी हे छोटेसे गाव वसले आहे. तिथे गवताने शाकारलेले एक बसके घर दिसते: पांढऱ्या भिंती, छोट्या खिडक्या, डोके सांभाळून आत शिरावे लागेल असे ठेंगणे दरवाजे. १६९८च्या सुमारास बांधलेल्या या घरात १० ऑक्टोबर १८०२ रोजी ह्यू मिलर जन्मला. शाळा अर्ध्यावर सोडलेला हा मुलगा आधी पाथरवट झाला, मग बँकेत हिशेबनीस, पुढे एडिंबराच्या एका वृत्तपत्राचा संपादक आणि आपल्या काळातला सर्वात लोकप्रिय भूविज्ञान-लेखक.

नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने हे घर जपले आहे. शेजारी मिलरच्या वडिलांनी बांधलेली मोठी इमारत आहे, तिथे संग्रहालय आहे. वडील जहाजाचे कप्तान होते. १८०७ साली ते समुद्रात गेले ते परतलेच नाहीत. पाच वर्षांच्या पोराला मग दोन मामांनी हाताशी धरले आणि किनाऱ्यावरचे दगड, शिंपले, पाखरे ओळखायला शिकवले. परसातल्या बागेत एक दगडी सूर्यघड्याळ उभे आहे. ते मिलरने तरुणपणी स्वतः छिन्नी-हातोड्याने घडवलेले. पाहणाऱ्याने तिथे थोडे जास्त थांबावे, कारण या माणसाचे खरे शिक्षण दगडकामातच झाले.

१८२०मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी तो खाणीवर कामाला गेला. आता जन्मभर दगडच फोडायचे, या विचाराने तो खिन्न होता. सुरुंगाने खडक उडवला, खालची फरशी उघडी पडली आणि तिच्यावर त्याला लाटांच्या वळ्या दिसल्या. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर उमटतात तशाच, पण दगडात कायमच्या थिजलेल्या. म्हणजे या डोंगराच्या जागी कधीकाळी पाणी होते! भूविज्ञानाचे एकही पुस्तक न वाचता त्याने हे ओळखले. पुढे क्रोमार्टीच्या किनाऱ्यावर गोटे फोडताना त्याला पंखांसारखे अवयव असलेल्या, चिलखती कवचाच्या एका विचित्र माशाचे जीवाश्म मिळाले. तो मासा सुमारे ३८ ते ३९ कोटी वर्षांपूर्वीचा. लुई अ‍ॅगासी या मोठ्या शास्त्रज्ञाने माशाच्या शास्त्रीय नावात मिलरचे नाव गुंफले. हे सारे मिलरने ‘द ओल्ड रेड सँडस्टोन’ या १८४१च्या पुस्तकात सांगितले आहे.

तो मासा अ‍ॅगासीपर्यंत पोहोचवण्यात ज्याचा हात होता, त्याचे आपल्याकडे फारसे नाव निघत नाही, याची खंत वाटते. जॉन मॅल्कमसन हा मद्रासच्या सेवेतला स्कॉटिश डॉक्टर. मायदेशी असताना तो मिलरला भेटला आणि त्याच्या माशाची माहिती त्याने युरोपातल्या तज्ज्ञांपुढे नेली. याच मॅल्कमसनने दख्खनच्या काळ्या कातळाच्या थरांमध्ये अडकलेले गोड्या पाण्यातले शंख गोळा केले आणि त्यांवर निबंध लिहिला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये पुरेसा काळ गेला, मधे तळी साठली, त्यांत जीव वाढले, हे त्या शंखांमुळे कळते. १८४४मध्ये खानदेशात फिरताना धुळ्याला त्याचा अंत झाला.

मिलरचा शेवट फार दुःखाचा आहे. खाणीतल्या धुळीने त्याची फुप्फुसे तरुणपणीच खराब झाली होती. १८३९ साली त्याची पहिली मुलगी तान्हेपणीच गेली. तिच्या थडग्याचा दगड बापाने स्वतः कोरला. संपादक म्हणून कामाचा ताण प्रचंड, त्यात चर्चमधली भांडणे अंगावर घेतलेली. शेवटच्या महिन्यांत भयाण स्वप्ने पडू लागली, आपली बुद्धी ढळते आहे या भीतीने तो खचला. २४ डिसेंबर १८५६च्या पहाटेपूर्वी त्याने जीवन संपवले. विज्ञान आणि बायबल यांच्या झगड्यात तो वेडा झाला, असे अनेक जण म्हणत आले. हे पटत नाही. सृष्टीचे सहा दिवस म्हणजे सहा प्रदीर्घ युगे, असा मेळ त्याने स्वतःपुरता घातलाच होता. तो आजारी होता आणि त्या काळी त्या आजारावर इलाज नव्हता. आज आहे. मन असे अंधारले तर १४४१६ या ‘टेली-मानस’च्या मोफत सरकारी क्रमांकावर बोलता येते. मिलरच्या माघारी त्याची पत्नी लिडिया हिने उरलेले लेखन संपादून प्रसिद्ध केले.

शिरूर-दौंडच्या वाचकाला हा पाथरवट परका वाटू नये. मिलरचा दगड पाण्याखाली साठलेल्या वाळूचा, आपला अग्नीतून आलेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पण वाचायची रीत तीच. शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पलीकडच्या तीरावर पारनेर तालुक्यातले निघोज. पुराच्या भोवऱ्यात गोटे अडकतात, गरगर फिरत कातळ खरवडतात आणि हजारो वर्षांत त्यांतून माणूस मावेल एवढे कुंड तयार होते. काठावर मळगंगेचे देऊळ आहे. भाविक येतात, फोटो निघतात, पण कुंडाच्या तळाचा गुळगुळीत गोटा हेच त्याला कोरणारे हत्यार, हे किती जण पाहतात? ही कुकडी पुढे घोडला मिळते आणि घोड भीमेला.

पुण्याहून शिरूरकडे येताना वाघोली लागते. तिथल्या खाणींतून निघालेले निळेशार कॅव्हनसाइट खनिज जगभरच्या संग्राहकांकडे आहे. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर वाघोलीचे नाव असते, तो दगड ज्याच्या सुरुंगाखाली पहिल्यांदा उजेडात आला त्या कामगाराचे सहसा नसते.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. खाणी आणि खडी क्रशरवर पाणी मारून धूळ बसवणे व कामगारांच्या फुप्फुसांची नियमित तपासणी यांत हयगय नको. आणि खाणीत, विहिरीच्या खोदाईत काही वेगळे दिसले तर ते फेकू नये. गाव, जागा, किती खोलीवर सापडले ते लिहून ठेवावे आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगोल किंवा भूविज्ञान विभागाला दाखवावे. टाकळी हाजीला मात्र पावसाळा सरल्यावर, पाणी उतरल्यावरच जावे. कुंडांच्या कडा निसरड्या असतात.