आपल्या हाडांची परवानगी कुणी घेतली होती?

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या खोऱ्यात निमोणे हे गाव आहे आणि याच खोऱ्यात, नदीच्या काठावर, इनामगाव. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगावची पांढरी उकरली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी अशा पुरातत्त्वज्ञांच्या कामातून इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातली, शेती करणारी आणि गुरे पाळणारी वस्ती उजेडात आली. घरांच्या जमिनीखाली लेकरांची दफने होती. करड्या रंगाचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत त्या लहानग्या जिवाची हाडे. या वस्तीचा काळ ठरवायला कार्बन-१४ची पद्धत कामी आली. त्या हाडांत कॅल्शियम आहे, फॉस्फरस आहे, पण स्ट्रॉन्शियम-९० नाही. असणारही नाही, कारण मोजता येईल इतक्या प्रमाणात ते अणूचे विभाजन घडवल्यावरच तयार होते. निमोण्यात १९६०च्या सुमारास जन्मलेल्या, आज साठी ओलांडलेल्या माणसाच्या हाडांत मात्र ते लहानपणीच शिरले. जगातल्या त्या पिढीच्या प्रत्येकाच्याच हाडांत शिरले. अण्वस्त्रचाचण्यांविरुद्ध तेव्हा जे शास्त्रज्ञ आणि जे सामान्य नागरिक उभे राहिले त्यांची भीती भाबडी होती, अतिरंजित होती, असे आजही सर्रास म्हटले जाते. मला हे म्हणणे मान्य नाही. त्यांचा मूळ प्रश्न किरणोत्साराची मात्रा किती, एवढाच नव्हता. ती मात्रा दुसऱ्याच्या अंगात घालण्याचा अधिकार कुणाला, हा होता. त्या प्रश्नाला तेव्हा उत्तर मिळाले नाही आणि पुढे आपण स्वतः चाचण्या केल्या तेव्हा आपणही ते दिले नाही.

कार्बन-१४ने काळ मोजण्याची युक्ती शोधली विलर्ड लिबी यांनी. त्याबद्दल १९६०चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. इनामगावसारख्या शेकडो स्थळांचा इतिहास त्यांच्या ऋणात आहे. हेच लिबी १९५४ ते १९५९ या काळात अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य होते आणि चाचण्यांचे खंदे समर्थक होते. आयोगाच्याच ‘प्रोजेक्ट सनशाइन’ नावाच्या गुप्त कार्यक्रमात जगाच्या वेगवेगळ्या भागांतून मृतांची, त्यातही लहान मुलांची, हाडे गोळा करून त्यांतले स्ट्रॉन्शियम-९० मोजले गेले. पुष्कळदा नातेवाइकांना विचारलेदेखील नाही. १९५७च्या एप्रिलमध्ये मिशनरी डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर यांनी ऑस्लोच्या नभोवाणीवरून चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांना जाहीर पत्राने उत्तर दिले ते लिबींनीच. धोका अत्यल्प आहे आणि स्वातंत्र्य गमावण्याच्या धोक्यापुढे तो पत्करण्याजोगा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. लिबींचे मापन कच्चे होते असे मला म्हणायचे नाही, ते उत्तम रसायनशास्त्रज्ञ होते. पण ‘पत्करण्याजोगा’ हा शब्द रसायनशास्त्रातला नाही. तो शब्द उच्चारताच शास्त्रज्ञ नागरिक होतो आणि मग त्याचे मत इतर नागरिकांच्या मतापेक्षा जड धरण्याचे कारण उरत नाही.

लिबींच्या शोधावरच या चाचण्यांनी ओरखडा काढला, हेही नोंदवायला हवे. हवेतल्या स्फोटांमुळे उत्तर गोलार्धातल्या वातावरणातले कार्बन-१४ १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळपास दुप्पट झाले. पुरातत्त्वात ‘आजपासून इतकी वर्षे मागे’ असे म्हणताना ‘आज’ म्हणून १९५० हे साल धरतात, ते या दृष्टीने सोयीचेच ठरले. त्यानंतरची हवा पूर्वीसारखी राहिली नाही.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर ‘ब्राव्हो’ ही चाचणी केली. अंदाज होता सहा मेगाटनांचा, स्फोट झाला पंधरा मेगाटनांचा. राँगेलॅप बेटावरच्या रहिवाशांवर पांढरी राख पडली आणि त्यांना दोन दिवसांनी तिथून हलवले. दूरवर मासेमारी करणाऱ्या ‘लकी ड्रॅगन’ या जपानी होडीवरचे २३ जण भाजले गेले. त्यांच्यापैकी आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. जपानात टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सह्यांची मोहीम सुरू केली आणि ती तीन कोटींपलीकडे गेली. आपल्याकडे २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या जिथल्या तिथे थांबवण्याची मागणी केली. अशी जाहीर मागणी करणारे राष्ट्रनेते तेव्हा विरळा होते. पण मला त्या भाषणापेक्षा त्यानंतरची कृती अधिक मोलाची वाटते. भारत सरकारने आपल्या शास्त्रज्ञांना या स्फोटांचा अभ्यास करायला सांगितले आणि १९५६मध्ये ‘न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स’ हे पुस्तक सरकारी प्रकाशन विभागाकडून, नेहरूंच्या प्रस्तावनेसह, विक्रीला ठेवले. मुख्य काम दौलतसिंह कोठारी यांचे आणि साहाय्य होमी भाभा व वसंत रामजी खानोलकर यांचे.

खानोलकरांविषयी मराठी वाचकाला फारसे माहीत नसते, याची खंत वाटते. गोव्यात १८९५मध्ये जन्मलेला हा विकृतिशास्त्रज्ञ मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आला. चुना-तंबाखू, विडी, राहणी यांचा आणि कर्करोगाचा संबंध शोधणाऱ्या भारतीय संशोधनाचा पाया त्यांनी घातला. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. किरणोत्साराच्या परिणामांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९५५च्या डिसेंबरात पंधरा देशांची वैज्ञानिक समिती नेमली, तिच्यात भारताची बाजू त्यांनी सांभाळली. रोज गाठी तपासणाऱ्या माणसाला ‘अत्यल्प धोका’ म्हणजे कुणाची तरी एक गाठ, हे वेगळे सांगावे लागत नाही. १९५८च्या आपल्या पहिल्या अहवालात या समितीने म्हटले की, किरणोत्साराची अगदी लहान मात्रादेखील आनुवंशिक आणि कदाचित शारीरिक हानी करू शकते.

आता हे निमोण्यापर्यंत कसे पोचते ते पाहू. मोठ्या स्फोटाची धूळ स्थितांबरात चढते, महिनोन् महिने तरंगते आणि मुख्यतः पावसाबरोबर खाली येते. म्हणजे जिथे पाऊस अधिक तिथे ती अधिक. महाबळेश्वरच्या पावसाचा जेमतेम दहावा हिस्सा शिरूर-दौंडच्या पर्जन्यछायेत पडतो, त्यामुळे या दुष्काळी पट्ट्याला अवर्षणानेच थोडेसे वाचवले. शिवाय सर्वांत दाट धूळ आपल्या उत्तरेला, मध्य अक्षांशांत पडली. पण गोष्ट इथे संपत नाही. स्ट्रॉन्शियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचे भावंड आहे. शरीर जिथे कॅल्शियम नेते तिथेच, हाडांत, त्यालाही नेते. अमेरिका-युरोपात माणसाला कॅल्शियम मुख्यतः दुधातून मिळते. गाय चाऱ्यातले कॅल्शियम दुधात उतरवते, पण स्ट्रॉन्शियम त्या मानाने फार कमी उतरवते, म्हणजे गाईचे शरीर ते बऱ्याच अंशी गाळून घेते. आपल्या कोरडवाहू गावात १९६०च्या आसपास दूध-दुभते बेताचेच असे आणि पोट भरे ते बाजरी-ज्वारीच्या भाकरीवर, कोरड्यासाबरोबर. धान्य आणि पालेभाजी यांतले कॅल्शियम थेट जमिनीतून आणि पानावर बसलेल्या धुळीसकट येते, मधे गाळणी नाही. म्हणून पाऊस सारखाच पडला, तरी दर ग्रॅम कॅल्शियममागे भाकरी खाणाऱ्याच्या हाडात दूध पिणाऱ्यापेक्षा अधिक स्ट्रॉन्शियम जाण्याचा संभव होता. भातावर जगणाऱ्या लोकांबाबत हाच मुद्दा १९५८च्या अहवालात विचारात घेतला गेला. न्यूयॉर्कच्या दुधावरून काढलेली ‘सुरक्षित’ मर्यादा घोडकाठच्या भाकरीला लागू करता येत नव्हती. ज्यांनी बाँब बनवला नाही, ज्यांच्याकडे वीजही पोचली नव्हती, त्यांच्या जेवणाच्या पद्धतीनेच त्यांचा धोका वाढवला.

यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप असा की, एवढे सगळे खरे धरले तरी आकडा किती? संयुक्त राष्ट्रांच्या याच समितीच्या नंतरच्या हिशेबानुसार चाचण्यांमुळे मिळालेली जागतिक सरासरी मात्रा १९६३मध्ये सर्वाधिक होती, वर्षाला सुमारे ०.११ मिलिसीव्हर्ट. निसर्गाकडून आपल्याला मिळते सरासरी २.४. म्हणजे वाढ पाच टक्क्यांच्या आतबाहेर. केरळच्या करुणागपल्लीत मोनाझाइटच्या वाळूवर लोक पिढ्यान् पिढ्या याच्या कितीतरी पट किरणोत्सारात राहतात आणि सुमारे सत्तर हजार लोकांच्या दीर्घ अभ्यासात, २००९च्या अहवालानुसार, कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. पण त्याने काय सिद्ध होते? एक तर सरासरीत राँगेलॅपची मुले दिसत नाहीत. त्यांच्या कंठग्रंथींत पुढे ज्या गाठी झाल्या त्या जगाच्या लोकसंख्येने भागल्या की नाहीशा होतात. दुसरे, मोनाझाइटचा किरणोत्सार बव्हंशी बाहेरून येतो आणि प्रौढांच्या पाहणीवरून वाढत्या हाडात बसलेल्या स्ट्रॉन्शियमचा निवाडा करता येत नाही. तिसरे आणि माझ्या दृष्टीने निर्णायक: हे आकडे आज हाती आहेत, १९५४मध्ये नव्हते. ब्राव्होचा स्फोट किती मोठा होईल हेच ज्यांना अडीच पटीने चुकले, त्यांनी धुळीबद्दल दिलेली ग्वाही कशाच्या जोरावर मानायची होती? १९६३चा आकडा शिखर ठरला, कारण त्या वर्षीच्या कराराने अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांच्या हवेतल्या चाचण्या बंद झाल्या. विरोधकांच्या यशाने मात्रा कमी राहिली आणि आता तीच कमी मात्रा त्यांच्या भीतीविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केली जाते.

ते यश आले तेही मोजणीतून. १९५८च्या जानेवारीत रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांनी ४९ देशांतल्या ११,०२१ शास्त्रज्ञांच्या सह्यांचे निवेदन संयुक्त राष्ट्रांना दिले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात नागरिक आणि शास्त्रज्ञांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवायला सुरुवात केली. आईने दात पाकिटात घालून पाठवायचा, सोबत मुलाची जन्मतारीख आणि जन्मगाव लिहायचे. पुढे तीन लाखांवर दात जमले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांपेक्षा नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम-९० कितीतरी पटींनी चढत गेल्याचे त्यांतून दिसले. ‘सनशाइन’ने न विचारता हाडे घेतली, इथे आयांनी स्वखुशीने दात दिले. मोजमाप तेच, पण एकात माणूस नमुना होता आणि दुसऱ्यात साक्षीदार. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अंशतः चाचणीबंदीचा करार झाला. भारताने तीनच दिवसांत सही केली.

पुण्याला या लढ्याची स्वतःची आठवण आहे, ती दामोदर धर्मानंद कोसंबींची. डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाणारे हे गणिती जागतिक शांतता चळवळीत होते. १९६०मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढे बोलताना त्यांनी भारताने अणूपेक्षा सूर्यशक्तीवर भर द्यावा, असा युक्तिवाद केला होता. जिल्ह्यातल्या गावोगावच्या देव्या आणि दगडी हत्यारे पायी फिरून नोंदवणाऱ्या माणसाला ऊन आणि दारिद्र्य दोन्ही डोळ्यांसमोर होते. १९६२मध्ये त्या संस्थेने त्यांची मुदत वाढवली नाही. कारणे काय होती यावर मतभेद आहेत. पण अणुकार्यक्रमाच्या आतून त्याला प्रश्न विचारणारा असा आवाज पुन्हा फारसा ऐकू आला नाही.

आणि मग पोखरणला झालेल्या आपल्या चाचण्या. १८ मे १९७४, पुढे ११ आणि १३ मे १९९८. त्या जमिनीखाली झाल्या, हवेत काही गेले नाही, मग किरणोत्साराचा प्रश्नच कुठे येतो, असे म्हणतात. भूमिगत चाचणीने हवेतल्या चाचणीसारखी धूळ पसरत नाही, हे निर्विवाद. दुसरा मुद्दा सुरक्षेचा: चीन शेजारी, पाकिस्तान शेजारी, भाबडेपणा परवडत नाही. या मुद्द्याचा प्रतिवाद भाबड्या माणसांनी केला नाही. नौदलप्रमुख राहिलेले आणि निवृत्तीनंतर अलिबागजवळ भायमळ्यात शेती करणारे अॅडमिरल रामदास १९९८नंतर अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिले. पण सुरक्षेचा वाद क्षणभर बाजूला ठेवू, बाँब हवा की नको हाही. तरी १९५६ची कसोटी उरतेच. तेव्हा आपण जगाला सांगत होतो की, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना परिणाम कळले पाहिजेत. पोखरणच्या चाचणीस्थळापासून काही किलोमीटरवरच्या खेतोलाई गावातले लोक वर्षानुवर्षे आजारांच्या आणि गुरांच्या मृत्यूंच्या तक्रारी करत आले आहेत. आनंद पटवर्धनांच्या ‘जंग और अमन’ या माहितीपटात हे गाव दिसते. त्या आजारांचे कारण चाचणीच आहे असे कुणी सिद्ध केलेले नाही आणि मीही तसा दावा करत नाही. पण ते सिद्ध करण्याचा भार गावकऱ्यांच्या खांद्यावर असू नये. १९६२च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखण्याचे व्यापक अधिकार सरकारला दिले. मोजणारा, माहिती दाबू शकणारा आणि ‘काही झाले नाही’ असे सांगणारा एकच असेल, तर ते सांगणे खरे असूनही पटत नाही. भौतिकशास्त्रज्ञ सुरेंद्र गाडेकर आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी संघमित्रा यांनी १९९१मध्ये रावतभाट्याच्या अणुवीजकेंद्राजवळच्या आणि दूरच्या गावांची घरोघर तुलना केली, ती याच पोकळीमुळे. नागरिकांना हे करावे लागले.

१९९८पासून भारताने चाचणी केलेली नाही, पण १९९६च्या सर्वंकष चाचणीबंदी करारावरही सही केलेली नाही. रशियाने २०२३मध्ये त्या कराराची मान्यता मागे घेतली आणि २०२५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी पुन्हा चाचण्यांची भाषा केली. उद्या कुणी स्फोट केला की आपल्याकडेही ‘आता आपणही’ असा सूर निघेल. त्याआधी आपल्या सरकारने एक काम करावे. पोखरणच्या तिन्ही दिवसांनंतरची माती, भूजल, दूध आणि हवा यांची मोजमापे, जी अस्त्राची रचना उघड करत नाहीत, ती बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून हिंदीत, मराठीत आणि इतर भारतीय भाषांत प्रसिद्ध करावीत. खेतोलाईची आरोग्यपाहणी स्वतंत्र वैद्यकीय संस्थेकडून करून तिचे निष्कर्ष आधी त्या गावच्या ग्रामसभेत वाचावेत. कोठारी, भाभा आणि खानोलकर यांनी दुसऱ्यांच्या बाँबबद्दल हे काम दोन वर्षांत करून दाखवले होते. आपल्या बाँबबद्दल ते व्हावे, असे आपल्या आमदार-खासदारांना सांगायला निमोण्याच्या मतदारालाही तितकाच हक्क आहे, आणि वाचकांनी तो वापरावा.