निळं पिंप घेण्याआधी...

पाण्याची बोंब झाली की आपण भंगारवाल्याकडून स्वस्तातलं निळं पिंप आणतो. पण मैत्रिणींनो, त्यात आधी काय होतं, विचारलंत कधी?

डोंबिवलीने २०१४ मध्ये हिरवा पाऊस पाहिला, २०२० मध्ये गुलाबी रस्ता. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यात रासायनिक कारखान्यांतल्या स्फोटांनी घरांच्या काचा फुटल्या. धातूला मुलामा देणारी छोटी प्लेटिंगची वर्कशॉप्स मात्र नजरेत येत नाहीत. तिथे क्रोमिक ॲसिड, सायनाइड वापरतात. सायनाइडमध्ये ॲसिड मिसळलं की जीवघेणा वायू सुटतो. टाकीतलं द्रावण आटून चालू हीटर उघडा पडला, तर प्लास्टिकची टाकीच पेटते.

तेव्हा असं पिंप कितीही घासलं तरी घरच्या पाण्याला नकोच! घरचं कुणी प्लेटिंगला जात असेल, तर कामाचे कपडे वेगळे धुवा. आणि ‘निघताना हीटर बंद केला ना?’ एवढं रोज विचाराच.