दहा मायक्रोलिटर मोजताना

एका मायक्रोलिटरची किंमत

रक्तातली साखर मोजण्याच्या नेहमीच्या एन्झाइम पद्धतीत साधारण 1000 मायक्रोलिटर रिएजंटमध्ये 10 मायक्रोलिटर सिरम घालतात. उपाशीपोटीची साखर 126 असलेल्या माणसाच्या नमुन्यातून 10 ऐवजी 9 मायक्रोलिटर सिरम पडलं, तर रंग तेवढा फिका येतो आणि रिपोर्टवर साधारण 113 छापलं जातं. 126 हा मधुमेहाच्या निदानाचा उंबरठा. किट ताजं, मशीन नीट, तरीही तो माणूस निर्धास्त होऊन घरी जातो.

पिपेट रोज सारखंच कमी ओढत असेल आणि स्टँडर्डही त्याच बॅचमध्ये त्याच पिपेटने घातलं असेल, तर चूक दोन्हीकडे होऊन बरीचशी कटते. हाताची चूक अशी कटत नाही. ती एका नमुन्यात कमी होते, दुसऱ्यात जास्त. शिवाय स्टँडर्ड पाण्यासारखं पातळ असतं, सिरम दाट. दोन्ही टिपमध्ये सारखी वागत नाहीत. म्हणून यंत्र अचूक असणं जितकं महत्त्वाचं, तितकाच हात प्रत्येक वेळी एकसारखा चालणंही महत्त्वाचं.

आत काय चालतं

पूर्वी काचेच्या पिपेटने तोंडाने ओढून द्रव मोजत, आणि रक्त, आम्ल, जंतू तोंडात जाण्याचा धोका रोजचाच असे. जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये हाइनरिश श्निट्गर यांनी 1957 मध्ये स्प्रिंग आणि पिस्टन असलेलं पिपेट बनवलं आणि तोंडाचं काम अंगठ्याकडे आलं.

आजच्या नेहमीच्या मायक्रोपिपेटमध्ये पिस्टन द्रवाला शिवत नाही. दोघांच्या मध्ये हवेचा थर असतो. पिस्टन वर सरकला की हवा विरळ होते आणि टिपमध्ये द्रव चढतो. द्रव गार असेल, हाताच्या उबेने दांडा तापला असेल किंवा टिप सैल बसली असेल, तर या हवेचं गणित बिघडतं. फ्रिजमधून काढलेलं सिरम आणि रिएजंट खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं ते यासाठीच.

पिपेट निवडणं, आकडा लावणं

20 मायक्रोलिटर घ्यायचे असतील तर 200 चं पिपेट उचलू नये, 20 चं घ्यावं. पिपेट 1 मायक्रोलिटरने चुकत असेल तर 200 मध्ये ती अर्धा टक्का चूक असते, 20 मध्ये तीच 5 टक्के होते. आकडा वाढवताना हव्या त्या आकड्याच्या थोडं पुढे जाऊन मागे यावं, म्हणजे आतल्या आट्यांमधली ढील निघते. कमाल मर्यादेपलीकडे मात्र कधीही फिरवू नये.

ओढणं आणि सोडणं

नवी टिप लावली की ज्या द्रवाचं काम आहे तोच दोन-तीनदा ओढून सोडावा. आतली भिंत ओली होते, टिपमधली हवा त्या द्रवाच्या वाफेने दमट होते, आणि पहिलं माप पुढच्या मापांसारखंच येतं. घाई असली की पहिल्यांदा हीच पायरी गळते. नमुना बदलला की टिप बदलायची आणि हे पुन्हा करायचं.

प्लंजर पहिल्या थांब्यापर्यंत दाबावा तो टिप द्रवाबाहेर असताना. मग पिपेट उभं धरून टिप बुडवावी: लहान पिपेटची 1-2 मिलिमीटर, 1000 च्या पिपेटची 3-6. जास्त बुडवली तर बाहेरून चिकटलेलं सिरमही मापात मोजलं जातं, आणि 10 मायक्रोलिटरच्या मापात तो थेंब मोठाच ठरतो. पिपेट आडवं धरलं तर माप साधारणपणे जास्त येतं. अंगठा सावकाश वर येऊ द्यावा. एकदम सोडला तर बुडबुडा येतो, कधी द्रव उसळून थेट पिपेटच्या पोटात जातो. द्रव चढल्यावर सेकंदभर थांबावं आणि मग टिप बाहेर काढावी. टिपचं तोंड कधी पुसू नये, कागद आतला द्रव शोषून घेतो.

सोडताना टिप नळीच्या भिंतीला टेकवावी, पहिल्या थांब्यापर्यंत दाबावं, क्षणभर थांबावं, मग दुसऱ्या थांब्यापर्यंत. प्लंजर दाबलेला ठेवूनच टिप भिंतीवरून सरकवत बाहेर काढावी.

दाट किंवा फेसाळ द्रवासाठी उलटी पद्धत बरी पडते. दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून ओढायचं आणि सोडताना पहिल्याच थांब्याला थांबायचं. टिपमध्ये थोडा द्रव उरतो, तो टाकून द्यायचा. एका बॅचमध्ये मात्र पद्धत एकच ठेवावी.

देखभाल

भरलेली टिप लावलेलं पिपेट टेबलावर आडवं ठेवणं हा त्याचा सगळ्यात मोठा शत्रू. द्रव आत वाहतो, पिस्टन गंजतो, आणि पुढच्या रुग्णाच्या नमुन्यात आधीच्याचा अंश येऊ शकतो. पिपेट स्टँडवर उभंच असावं. रोज बाहेरून 70 टक्के अल्कोहोलने पुसावं. आत द्रव गेलाच तर तेवढ्यावर काम थांबवून कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे खोलून स्वच्छ करावं. ग्रीस सांगितलेलंच आणि अगदी पातळ लावावं. ऑटोक्लेव्हमध्ये घालण्याआधी पिपेटवर तशी खूण आहे का ते पाहावं.

तपासणी

गळती पाहायला टिपमध्ये पाणी भरून पिपेट 20 सेकंद उभं धरावं. टोकाशी थेंब जमला तर टिप बदलून पुन्हा पाहावं. तरीही जमला तर सील तपासायला हवं.

मापाची खात्री तराजूवर होते. 25 अंश तापमानाला 1000 मायक्रोलिटर शुद्ध पाण्याचं वजन हवेत सुमारे 996 मिलिग्रॅम भरतं. दहा वेळा मोजून सरासरी आणि आकड्यांमधला फरक दोन्ही पाहावेत. सरासरी सरकली असेल तर पिपेट सेवाकेंद्रात पाठवावं. आकडे इकडेतिकडे पसरले असतील, तर आधी दुसऱ्या सहकाऱ्याकडून तीच दहा मापं घ्यावीत. त्याचे आकडे जवळजवळ आले तर दोष पिपेटमध्ये नाही. 10 मायक्रोलिटरसाठी मात्र साधा तराजू पुरत नाही. तिथे एक मायक्रोलिटर म्हणजे जेमतेम एक मिलिग्रॅम, आणि पाणी मोजतामोजता उडून जातं. ते काम योग्य तराजू असलेल्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेकडेच द्यावं. आणि पिपेट हातातून पडलं, तर स्टिकरवरची मुदत सहा महिने उरलेली असली तरी नव्याने तपासल्याशिवाय त्याने रुग्णाचा नमुना घेऊ नये.